कात टाकणारा कृमी आणि तुरीची मुळे

घाटंजीच्या भागात कापसाच्या ओळींमधून तूर घेण्याची चाल आहे. ह्या तुरीचा एखादा पट्टा पिवळा व खुरटा राहिला म्हणजे दोष बहुधा पाण्याला किंवा खताला लावला जातो. अशा वेळी एक झाड मुळांसकट हलक्या हाताने खणून पाहावे, अशी वाचकांस विनंती आहे. कधी कधी अपराधी तेथेच चिकटलेला असतो.

त्यास सूत्रकृमी म्हणतात. आकारावरून तो गांडुळाचा भाऊबंद वाटेल. पण तसे नाही. गांडुळाचे शरीर वळ्यावळ्यांचे असते व ते कात टाकीत नाही. सूत्रकृमीचे अंग अखंड व गोल असून त्यावरील चिवट त्वचा तो वाढताना चार वेळा टाकतो. १९९७ साली शास्त्रज्ञांनी आनुवंशिक द्रव्याची तुलना करून कात टाकणाऱ्या प्राण्यांचा एक महासंघ मांडला. त्यात बोंडअळी, विंचू, खेकडा आणि सूत्रकृमी एकत्र आले. गांडूळ बाहेर राहिले! पावसाळी डबक्यात घोड्याच्या केसासारखा वळवळणारा, नाकतोड्याच्या पोटातून निघालेला जीवही ह्याच कुळातला.

सूत्रकृमीला हृदय नाही, फुप्फुस नाही, रक्तवाहिनी नाही. मज्जातंतूंचे कडे मात्र अन्ननलिकेभोवती असते. स्नायू केवळ लांबीच्या दिशेचे. म्हणून गांडुळाप्रमाणे आखडता-पसरता न येता तो मातीच्या कणांवरील ओलीतून नागमोडी सरकतो. पिकावर जगणाऱ्या जातींच्या मुखात पोकळ सुई असते.

तुरीवरील जातीचे वर्णन कोशी ह्यांनी १९६७ साली भारतातील नमुन्यांवरून केले. तिची पहिली कात अंड्यातच पडते. बाहेर आलेले पिलू मुळात शिरते, आणि मादी फुगून लिंबाच्या आकाराची होते. मुळावर तेव्हा बारीक मोत्यासारखे पांढरे ठिपके दिसतात. मादी मेली की तिचीच त्वचा तपकिरी व कठीण बनून अंड्यांचा कोष होतो.

हे ठिपके म्हणजे नत्राच्या गाठी नव्हेत. नत्राची गाठ पुष्कळ मोठी असते, मुळाच्या बाजूस लागते, बोटाने सहज सुटते व जोमदार असल्यास आतून गुलाबी निघते. मूळच जागोजाग सुजले असेल, तर तो वांग्या-टमाट्यांवर येणारा दुसरा सूत्रकृमी समजावा.

कोषाच्या जातीस ज्वारी मानवत नाही. म्हणून त्या वावरात पुढील साली तूर टाळून ज्वारी घ्यावी. कोष मातीबरोबर वखराच्या पासेला चिकटून शेजारच्या वावरात जातात. तेव्हा रोगट पट्ट्यातून निघताना पास धुऊन घ्यावी.