पाच तारे, चार गैरसमज

फ्रिज घ्यायला गेलं, की दुकानदार आधी दारावरचे तारे मोजून दाखवतो. ऊर्जा दक्षता ब्युरोने २००६ मध्ये ही लेबलं आणली. आता ती सर्वांच्या ओळखीची आहेत, पण त्यांच्याबद्दलचे काही समज तपासून घ्यायला हवेत.

गैरसमज : एकदा फाइव्ह स्टार, म्हणजे कायम फाइव्ह स्टार.
वस्तुस्थिती : ही मोजपट्टी अधूनमधून कडक केली जाते. जुलै २०२२ मध्ये एसीचे निकष एक पायरी वर सरकले आणि जुनं फाइव्ह स्टार मॉडेल फोर स्टार ठरलं. म्हणून लेबल कोणत्या काळातलं आहे आणि वर्षाकाठी युनिट किती, हेही वाचावं.

गैरसमज : पंख्याला अशी किती वीज लागणार!
वस्तुस्थिती : साधा पंखा साधारण ७५ वॅट घेतो, बीएलडीसी मोटरचा ३०च्या आसपास. एका घरात हा ४५ वॅटचा फरक जाणवतही नाही. पण उकाड्याच्या रात्री एक कोटी पंखे एकदम फिरत असले, तर तो ४५० मेगावॅट होतो. औष्णिक केंद्रातला एखादा मोठा संच साधारण एवढाच असतो. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांनाही स्टार लेबल सक्तीचं आहे.

गैरसमज : वीज यंत्रं खातात, त्यात भिंतींचा काय संबंध?
वस्तुस्थिती : दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता घरात सोडतो आणि एसी ती उपसत बसतो. पश्चिमेला बिनछज्ज्याची मोठी काच असेल, तर बघायलाच नको. भिंती, खिडक्या आणि छतातून आत येणाऱ्या उष्णतेला मर्यादा घालणारी इको निवास संहिता २०१८ मध्ये आली. मोठ्या व्यापारी इमारतींसाठीची संहिता २००७ची. मात्र राज्यांनी त्या लागू केल्या, तरच उपयोग. एसी दहा वर्षांनी बदलता येतो, इमारतीची दिशा बदलता येत नाही.

गैरसमज : एवढं करूनही मागणी वाढतेच, मग मानकं फुकट.
वस्तुस्थिती : ३० मे २०२४ रोजी देशाची कमाल मागणी अडीच लाख मेगावॅटवर गेली, हे खरं. नवी घरं, नवे एसी आणि वाढता उकाडा यांमुळे ती चढणारच. मानकं या चढाला आवर घालतात. पुढचे कोटभर पंखे ७५ऐवजी ३० वॅटचे आले, तर त्यांच्यासाठी तो ४५० मेगावॅटचा संच उभारावा लागत नाही.