केसपेपरवरची ओळ

भोसरीत प्रेस शॉपवर वर्षं काढलेल्या माणसाला ‘बोट गेलं’ म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. 2018 च्या पावसाळ्यात, दुसऱ्या पाळीत, माझ्या पलीकडच्या प्रेसवर ते झालं. डायमध्ये जॉब तिरका बसला म्हणून पोराने हात आत घातला आणि त्याच वेळी पाय पॅडलवर पडला. त्या मशीनला दोन्ही हातांनी दाबायची बटणं होती. पण त्याने तासाला जॉब कमी निघतात, म्हणून ती बंद करून पॅडल जोडलेलं. आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी बोललं नाही, मीही नाही.

मेन स्विच पाडला. एकजण हळद आणायला कँटीनकडे पळत होता, त्याला हाक मारून थांबवलं. हळद नको, तेलकट चिंधी नको. स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबायची आणि हात छातीच्या वर धरायचा. तुटलेला तुकडा डायच्या कडेला चिकटला होता. कुणीतरी तो थेट बर्फात टाकायला निघालं. तसं केलं तर मांस गोठून वाया जातं. ओलसर गॉजमध्ये गुंडाळून तो प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा, तोंड बांधायचं आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. प्रथमोपचार पेटीत गॉज सापडलं हे नशीब. एरवी तिच्यात चहाच्या उधारीच्या चिठ्ठ्या असायच्या. एवढं करूनही बोट जोडता आलं नाही, चेंदाच झाला होता.

पण खरी गोष्ट गाडीत घडली. सुपरवायझर पुढच्या सीटवरून वळून म्हणाला, “डॉक्टरांनी विचारलं तर घरी दारात सापडलं म्हण. खर्चाचं शेठ बघतील.”

पोरगं माझ्याकडे बघायला लागलं. “काका, काय सांगू?”

“झालं ते. प्रेसवर झालं म्हण.”

कॅज्युअल्टीत पहिला प्रश्न हाच असतो, कसं लागलं? उत्तर तिथल्या तिथे केसपेपरवर उतरतं. कंपनीचं अपघाताचं रजिस्टर नंतर भरता येतं, साक्षीदार काम सोडून गावी जातात, केसपेपर मात्र त्याच रात्रीचा असतो. त्यावर ‘घरी’ पडलं की ती कामावरची दुखापत उरत नाही. आणि फरक थोडाथोडका नाही. ईएसआयमध्ये साध्या आजारपणाला रोजाच्या 70 टक्के मिळतात, तेही आधी ठरावीक दिवसांचे हप्ते भरलेले असतील तर. कामावरच्या दुखापतीला 90 टक्के, आणि तिथे हप्त्यांचे दिवस मोजत नाहीत; नोकरीचा पहिला दिवस असला तरी चालतो.

दुसऱ्या दिवशी कामावर गेलो तर मशीन पुसून लख्ख, बटणं जागेवर, पॅडल गायब. रजिस्टरमध्ये लिहिलेलं, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. पॅडलचा फोटो मी रात्रीच मोबाइलवर काढून ठेवला होता. त्या पाळीतल्या दोघांनी साक्षीदार म्हणून सही केली. तिसरा म्हणाला, मला पोरंबाळं आहेत. त्याला बोल लावायला माझी जीभ रेटली नाही.

पोरगा ठेकेदाराचा होता, पण त्याचा ईएसआय नंबर निघालेला होता. नसता तर तेव्हाच्या 1923 च्या कायद्याने नुकसानभरपाईचा दावा लावावा लागला असता, दोन वर्षांच्या आत. अशा दाव्यात गेटपास, हजेरीचा कागद, पगाराची चिठ्ठी, काहीही उपयोगी पडतं. मूळ मालकही त्यातून सुटत नाही.

बरं झाल्यावर मेडिकल बोर्ड. कायद्याच्या परिशिष्टात हाताचा हिशेब मांडलेला आहे : अंगठा 30 टक्के, पूर्ण तर्जनी 14, मधलं बोट 12. ह्याच्या तर्जनीची दोन पेरं गेली होती, त्याचे 11. तेवढ्या टक्क्यांनी बेतलेली पेन्शन त्याला जन्मभर मिळेल.

तुमच्यावर किंवा शेजारच्या मशीनवरच्या माणसावर ही वेळ आली, तर दवाखान्यातून निघण्याआधी केसपेपरवर काय लिहिलंय ते वाचा. डॉक्टरांचं अक्षर लागत नसेल, तर सिस्टरला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा.