साबुदाण्याचा कारखाना काढायचा? आधी कंद कुठे आहे ते पाहा

उपवासाचा साबुदाणा आणि सुताच्या ताण्याला लावायची कांजी एकाच कंदापासून होऊ शकतात, हे आपल्याकडे थोड्यांनाच माहीत असते. हा कंद म्हणजे टॅपिओका, अर्थात कसावा. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या सायझिंगवाल्यांना टॅपिओका स्टार्चचे नाव नवे नाही. साबुदाणा तर प्रत्येक किराणा दुकानात आहे. त्यामुळे 'हा कारखाना लहान भांडवलात आपल्या जिल्ह्यात निघेल काय?' असे होतकरू तरुण विचारतात. दागिने गहाण ठेवून भांडवल उभे करण्यापूर्वी या कारोबाराची रीत समजून घेणे बरे.

धंदा सेलमलाच का?

हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतील. पोर्तुगीजांनी तो भारतात आणला. त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ (कारकीर्द १८८० ते १८८५) यांनी गरिबांचे अन्न म्हणून त्याचा प्रसार केला. साबुदाणा मात्र पूर्वी मलायाकडून येई व तो एका ताडाच्या खोडातील पिठाचा असे. दुसऱ्या महायुद्धात ती आवक तुटली, तेव्हा तामिळनाडूतील सेलम येथे टॅपिओकाच्या स्टार्चपासून साबुदाणा बनविण्यास सुरुवात झाली. १९८१ साली तेथील कारखानदारांनी 'सॅगोसर्व' ही सहकारी संस्था काढली. कारखानदार आपला माल तिच्या गोदामात ठेवतो आणि व्यापारी निविदा भरून तो घेतात. २०२३ साली सेलमच्या साबुदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. या मालाचे मोठे गिऱ्हाईक महाराष्ट्रच आहे.

मग गिऱ्हाईक येथे असताना कारखाना तिकडे का? कारण कंद काढल्यापासून दोन-तीन दिवसांत आतून काळा पडून खराब होऊ लागतो. शिवाय त्यात निम्म्याहून अधिक वजन पाण्याचे. म्हणजे कंद ट्रकमध्ये भरून लांब नेणे म्हणजे पाण्याचे भाडे भरणे आणि वर नासाडी सोसणे. सूत महिनाभर गोदामात राहते, हा माल राहत नाही. म्हणून कारखाना कंदाजवळ जातो, कंद कारखान्याकडे येत नाही.

काम कसे चालते?

कंद धुऊन, साल काढून किसणी यंत्रात घालतात. किसावर पाणी सोडून तो चाळणीतून गाळला की चोथा वेगळा होतो आणि दुधासारखे पाणी टाकीत जाते. काही तासांत स्टार्च तळाशी बसतो. वरचे पाणी काढून तो उन्हात वाळविला की स्टार्चची भुकटी तयार. साबुदाण्यासाठी मात्र ओला स्टार्चच फोडून, हलवून त्याचे गोल दाणे करतात, चाळून सारख्या आकाराचे निवडतात, गरम तव्यावर भाजतात व मग वाळवितात.

नफ्याचा हिशेब

१०० किलो कंदातून साधारण २० ते २५ किलो स्टार्च हाती येतो. म्हणजे एक किलो स्टार्चमागे चार ते पाच किलो कंद. समजा कंद ८ रुपये किलोने पडला, तर एक किलो स्टार्चमध्ये ३२ ते ४० रुपये नुसत्या कच्च्या मालाचेच गेले. मजुरी, वीज, पाणी, वाळवण, पोती, व्याज आणि दलाली त्यानंतर. कंद स्टार्चने भरलेला आहे की पाण्याने, हे खरेदीच्या वेळी पाहावे लागते, कारण त्यातच नफा-नुकसान ठरते. पीक तयार व्हायला ८ ते १० महिने लागतात. म्हणून हंगाम सरला की यंत्रे बंद आणि कर्जाचे व्याज चालू. शेतकऱ्याला रोख द्यावे लागते आणि सायझिंगवाला उधारी मागतो, हेही ध्यानात ठेवावे.

पाणी आणि विषारी अंश

या कामाला पाणी फार लागते आणि निघणारे सांडपाणी आंबट व दुर्गंधीचे असते. ते ओढ्यात वा शेतात सोडले तर शेजाऱ्यांची विहीर बिघडते. म्हणून प्रदूषण मंडळाची परवानगी आणि सांडपाण्याची सोय हा खर्च आधीच धरावा. कंदात, विशेषतः सालीत, सायनाइड तयार करणारे द्रव्य असते. किसणे, धुणे व वाळविणे यांनी ते बरेच कमी होते. पण ओली साल शेळ्या-गुरांपुढे टाकू नये, जनावर दगावू शकते. वाळलेला चोथा मात्र पशुखाद्यासाठी विकला जातो.

भेसळीपासून दूर

मक्याचा स्टार्च मिसळणे, रसायनाने दाणा पांढराशुभ्र करणे, अशा तक्रारी या धंद्यात झालेल्या आहेत. दाणा फार चकाकतो म्हणून तो उत्तम, असे गिऱ्हाइकाने समजू नये आणि व्यापाऱ्याने तसे समजावूही नये. ज्यांच्या नावावर माल खपतो त्यांची पत एका खराब खेपेने जाते.

मग लहान माणसाने काय करावे?

ज्याचे नातेवाईक वा भागीदार कंदाच्या मुलखात आहेत, त्याने आधी वाळलेल्या चकत्यांचे काम करावे. कंद सोलून पातळ कापून कडक वाळवायचा, एवढेच. यंत्र साधे, पाणी थोडे आणि माल टिकाऊ. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंद पिके संशोधन संस्थेने चकत्या कापण्याची हाताने चालणारी यंत्रे तयार केली आहेत. त्यांची माहिती तेथे मागवावी.

महाराष्ट्रात राहूनच काम करायचे असेल, तर तयार साबुदाणा वा स्टार्च आणून पुढचा माल करावा. साबुदाण्याच्या पापड्या, चकल्या, उपवासाचे पीठ यांना घरच्या बायाबापड्यांचा हात पुरतो. पुठ्ठ्याची खोकी व बुकबाइंडिंगसाठी खळ हेही काम आहे. खाण्याच्या मालाला अन्न सुरक्षा नोंदणी हवी. कर्ज व अनुदानाच्या कोणत्या योजना चालू आहेत, ते जिल्हा उद्योग केंद्रात स्वतः जाऊन विचारावे, एजंटामार्फत नव्हे.

यंत्र विकणारा नेहमी नफाच सांगेल. म्हणून यंत्राची ऑर्डर देण्यापूर्वी हंगामात आठ दिवस सेलमला राहावे, कंदाचा भाव, स्टार्चचा भाव आणि बंद पडलेल्या कारखान्यांची कारणे वहीत लिहून आणावीत. त्या वहीतला हिशेब जुळला तरच थैली उघडावी.