अक्का, पाणी आलं!

मैत्रिणींनो, लग्न होऊन नव्या गावी गेल्यावर पहिल्या महिन्यात तुम्हाला सर्वांत जास्त आठवण कशाची आली? आईची, हे तर खरंच. पण त्याखालोखाल, मला वाटतं, आपल्या बोलण्याची. आपण अर्धं वाक्य बोलावं आणि समोरच्या बाईला उरलेलं न सांगता कळावं, याची.

मी मूळची रत्नागिरीकडची. १९८३ साली सोलापूरला सासरी आले, तेव्हा मनाशी म्हटलं होतं, मराठी मुलखातच तर चाललेय! पण आमच्या गल्लीत उजव्या हाताला तेलुगू, डाव्या हाताला कानडी आणि समोर दखनी उर्दू. नळावर बायका भराभरा बोलत, हसत, भांडत, आणि मी घागर धरून खुळ्यासारखी उभी. त्या माझ्याविषयीच बोलताहेत, असं आपलं उगीच वाटे!

आपल्या नात्यातली एखादी मुलगी अमेरिकेला गेली की आपण तिची केवढी काळजी करतो! तिला तिथं कोण मैत्रीण मिळेल, दुखलंखुपलं तर कोण येईल, एक ना दोन. करावीच. पण परमुलखात येऊन संसार उभा करणाऱ्या बायका पाहायला इतकं लांब जायला नको. सोलापूरच्या साखर पेठेत नाहीतर भद्रावती पेठेत एक फेरी मारा.

मोगलाईतून आलेल्या सुना

सोलापूरला १८७७ साली कापडाची पहिली मोठी गिरणी सुरू झाली, ती आपली 'जुनी मिल'. रेल्वे त्याआधीच आली होती. हातमागावर पोट असलेली पद्मशाली कुटुंबं तेलंगणातल्या करीमनगर, नलगोंडा, महबूबनगर, वरंगळ या भागांतून इकडे येत राहिली. तिकडे दुष्काळ आणि मागाला काम नाही. इकडे गिरण्या, माग, सुताचा बाजार. एक कुटुंब आलं की त्याच्या ओळखीनं दुसरं, आणि मग मुलांसाठी सुनाही तिकडूनच.

आज आपण म्हणू, त्यात काय, शेजारचंच तर राज्य! पण १९४८ पर्यंत तेलंगण निजामाच्या अमलाखाली होतं. त्याचं नाणं वेगळं, हाली सिक्का. टपालाची तिकिटंसुद्धा वेगळी. सोलापूर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. अहो, आपल्या आई भवानीचं तुळजापूरदेखील तेव्हा निजामाच्या हद्दीत होतं! म्हणजे माहेरी जायचं तर त्या बायकांना खरोखरच परराज्यात जावं लागे. आणि ज्या गावात त्या उतरत, तिथली भाषा, लिपी, भाकरी, सगळंच निराळं. भात खाणाऱ्या पोरीनं ज्वारीची कडक भाकरी थापायला शिकायची म्हणजे काय, हे माझ्यासारख्या कोकणातल्या बाईला विचारा!

सूप आणि सोबत

पुरुष मागावर आणि बायका विडीवर, अशी कितीतरी घरांची विभागणी. आपल्यापैकी पुष्कळजणींनी हे काम जवळून पाहिलेलं नसेल. तेंदूची पानं, ज्याला त्या तुनिकी म्हणतात, आणि तंबाखू कारखान्यातून घरी आणायचा. पानं पाण्यात भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. मग पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं एकेक पान कापायचं, चिमूटभर तंबाखू घालून वळायचं, टोक दुमडायचं, दोरा बांधायचा. मांडीवर सूप घेऊन दिवसाकाठी हजारापर्यंत विड्या! दुसऱ्या दिवशी त्या मोजून द्यायच्या. तपासणारा ज्या बाजूला काढील, त्यांची मेहनत फुकट.

हे काम एकटीनं करवत नाही. म्हणून जेवणंखाणं उरकली की चारपाचजणी एका उंबऱ्याशी सुपं घेऊन बसत. हात आपोआप चालायचा, म्हणून तोंड मोकळं. सासरचं गाऱ्हाणं, मुलाचा ताप, भिशीचा नंबर, माहेरून आलेला निरोप, सगळं तिथं. नवी सून मराठी शिकली ती तिथंच, आणि रडलीही तिथंच.

माझी शेजारीण त्यांच्यातलीच एक. तिला सगळे अक्का म्हणत, म्हणून मीही अक्काच म्हणू लागले. ती करीमनगरकडच्या खेड्यातून सोळाव्या वर्षी इथं आली. 'पहिलं वर्ष मी मुकीच होते,' ती सांगायची. 'पलीकडची कानडी बाई मला अक्का म्हणाली, तेव्हा पहिल्यांदा वाटलं, ही आपली.' पाहा ना, थोरल्या बहिणीला तेलुगूत अक्का, कानडीत अक्का आणि आपल्या मराठीतही अक्का! तीन भाषांच्या बायकांना एकमेकींना हाक मारायला एक शब्द तरी तयार मिळाला. अक्काच्या दुसऱ्या बाळंतपणात या कानडी शेजारणीनं तिच्या थोरलीला दीड महिना जेवू घातलं, आणि सुपाच्या सोबतिणींनी तिच्या वाटच्या विड्या आपापसांत वाटून वळल्या, म्हणजे कामाचा खाडा पडायला नको.

माझी चूक

आता एक गोष्ट कबूल करते. पहिली तीन वर्षं मी अक्काला लांबच ठेवलं. तिच्या लुगड्याला तंबाखूचा वास यायचा. माझी मुलगी रांगायला लागली, तशी मी मधलं दारच लावून घेऊ लागले. तंबाखूपासून लहान मूल दूर ठेवावं, हे योग्यच. पण खरं सांगू? मी मुलीला तंबाखूपासून नव्हे, अक्कापासून दूर ठेवत होते. तिला ते कळलं. ती काही बोलली नाही, फक्त यायची बंद झाली.

१९८६ चा उन्हाळा. सोलापूरचं पाणी तुम्हाला ठाऊक आहेच. एक दिवस आड आलं तरी नशीब. सासूबाईंना अचानक दवाखान्यात न्यावं लागलं. मी मुलीला कडेवर घेऊन तशीच गेले. दोन रात्री तिथं. तिसऱ्या दिवशी परत येताना डोक्यात एकच विचार : पाण्याची पाळी काल येऊन गेली, घरात थेंब नसेल. दार उघडलं, तर मागच्या अंगणातली पिंप, घागरी, कळशा, अगदी अंघोळीची बादलीसुद्धा काठोकाठ भरलेली. वर स्वच्छ फडकी बांधलेली. रात्री दोनला पाणी आलं, तेव्हा अक्का आणि ती कानडी शेजारीण मागच्या भिंतीवरून एकेक घागर देत-घेत होत्या, असं मला समोरच्या बाईंनी सांगितलं.

मी अक्काकडे गेले. काय बोलावं सुचेना. ती सूप बाजूला ठेवून उठली, हात धुतले, पदराला पुसले आणि मुलीला घ्यायला हात पुढे केले. आधी हात धुतले हो तिनं! मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

त्यानंतर मधलं दार कधी लागलं नाही. मी तिची मराठी पत्रं, रेशनचे अर्ज, मुलांच्या शाळेचे कागद वाचून द्यायची. विडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला आणि १९७६ साली कल्याण निधीचा कायदा आला. त्या निधीतून दवाखाने, मुलांना शिष्यवृत्ती, घरासाठी साहाय्य अशा योजना निघाल्या. पण ओळखपत्र नाही, तर काहीच नाही. तिचा तो अर्ज मी भरला, आणि मग गल्लीतल्या आणखी सातजणींचा. तिनं मला काय दिलं? पच्ची पुलुसु शिकवला, काटकसर शिकवली, आणि रात्री दोनला पाणी आलं की भिंतीवरून हाक दिली, 'अक्का, पाणी आलं!' वयानं मी धाकटी, तरी ती मलाही अक्काच म्हणू लागली होती.

तरवडाची फुलं

सर्वपित्री अमावास्येपासून दुर्गाष्टमीपर्यंत या बायकांची बतुकम्मा असते. तरवड, कुरडू, झेंडू अशी फुलं परातीत थरावर थर रचून उतरंड करायची, वर हळदीची गौरम्मा. भोवती फेर धरून टाळ्या वाजवत गाणी, शेवटच्या दिवशी पाण्यात विसर्जन. पहिल्यांदा पाहिलं आणि मी ओरडलेच, 'अगं, हा तर आमचा भोंडला!' त्या वर्षी आमच्या अंगणात पाटावर हत्ती निघाला, त्यांच्या परातीत फुलं चढली आणि खिरापत एकच झाली. बतुकु म्हणजे जगणं, असं अक्कानं मला सांगितलं.

घर मिळालं, शेजार गेला

२००६ साली कुंभारीला महिला विडी कामगारांची १०,००० घरांची वसाहत उभी राहिली. नरसय्या आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली कामगारांनी त्यासाठी वर्षानुवर्षं झगडा केला होता. ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांना संघटित करणाऱ्या गोदूताई परुळेकरांचं नाव वसाहतीला दिलं. अक्कालाही तिथं घर मिळालं. आयुष्यभर भाड्याच्या खोलीत काढलेली बाई स्वतःच्या दाराला तोरण बांधत होती! मला आनंद झाला, आणि घरी येऊन मी पदर तोंडाला लावून रडलेही. तीही पन्नाशी उलटल्यावर पुन्हा नव्या वस्तीत गेली होती. पण महिन्याभरात निरोप आला, 'चारजणी मिळाल्या. सूप सुरू आहे.' आता सूप सुटलं, बोटं आखडलीत. मी अक्कलकोट रोडच्या बसनं जाते, दोघी चहा घेतो.

नवी शेजारीण आली, तर

मैत्रिणींनो, आज तुमच्याही इमारतीत कुणी परप्रांतातून आलेली असेल. तिच्यासाठी एवढं करा :

* पहिल्याच दिवशी पाण्याची वेळ, दूधवाला, भाजीबाजाराचा वार आणि जवळचा दवाखाना सांगा.
* तिचं मराठी चुकलं तर हसू नका. तिच्या भाषेतले चार शब्द तुम्हीही विचारा.
* डबा रिकामा परत करू नका, आणि तिचा पदार्थ 'आम्ही नाही खात' म्हणून टाळू नका.
* अर्ज, बँक, मुलांची शाळा यांत एकदा सोबत जा. दुसऱ्या वेळी ती एकटी जाईल.
* आणि तिच्याकडूनही काहीतरी मागा, शिका. नुसतं उपकार करणाऱ्या बाईशी मोकळेपणानं बोलता येत नाही.

जाता जाता, पच्ची पुलुसु : लिंबाएवढी चिंच भिजवून कोळ काढा, त्यात तीन भांडी पाणी घाला. दोनतीन हिरव्या मिरच्या विस्तवावर भाजून मिठासह चुरडा. बारीक चिरलेला कच्चा कांदा, कोथिंबीर आणि थोडा गूळ घालून कोळात मिसळा. वर मोहरी, जिरं, कढीपत्ता, लाल मिरचीची फोडणी. उकळायचं नाही! गरम भातावर घ्या. उन्हाळ्यात फार छान लागतो. आणि करालच, तर एक वाटी शेजारी द्या.