एक नाव, तीन झाडे

बीदरचे पठार आपल्या कोकणासारखेच जांभ्याचे. कलबुर्गीकडे काळी जमीन लागते. या सीमाभागात सूर्यफुलाच्या कुळातील दोन काटेरी रानवनस्पतींच्या नावांचा गुंता झाला आहे. मराठीतील ‘ब्रह्मदंडी’ निराळी. कन्नडातील ‘ब्रह्मदंडे’ म्हणजे आपला उंटकटारा. त्यात अफूच्या कुळातला, परदेशी पिवळा धोत्राही काही ठिकाणी याच नावाने ओळखला जातो! त्याचे तेल मोहरीच्या तेलात मिसळल्याने १९९८ साली दिल्लीत साठाहून अधिक माणसे दगावली.

वास्तविक ओळख सोपी आहे. उंटकटाऱ्याचा फिकट निळसर चेंडू असंख्य स्वतंत्र, एकेका फुलाच्या गोंड्यांचा असतो. ब्रह्मदंडीच्या एकाच जांभळट गोंड्यात अनेक फुले. धोत्र्याला सुट्या पाकळ्या, अन् देठ मोडताच पिवळा चीक. वनौषधींच्या पुड्यांवर मराठी-कन्नड नावांशेजारी शास्त्रीय नाव छापणे सक्तीचे करावे, अशी आमची मागणी आहे.