निघती पाठ

मोटारसायकलवरून तारकर्लीला येणाऱ्या जोडप्यांवर लिही, असं संपादकांनी सांगितलं होतं. मी आलो आणि कसाल-मालवण रस्त्यालगतच्या एका गॅरेजात अडकलो. चिऱ्याच्या भिंती, वर पत्रे, आत मेस्त्री आणि त्यांचा हाताखालचा पोरगा. समोर एक क्रूझर उभी होती. तिच्या मागच्या सीटला बॅकरेस्ट बसवायची होती, तीही हवी तेव्हा काढता येणारी.

मागच्या माणसाला पाठ देण्याची कल्पना आपल्याकडे जुनीच. बजाजची अ‍ॅव्हेंजर २००५ पासून रस्त्यावर आहे. रॉयल एनफिल्डने २०२० मध्ये आणलेल्या मेटिऑर ३५० च्या स्टेलर प्रकाराला बॅकरेस्ट कंपनीतूनच मिळाली. पुण्याहून गगनबावड्याचा घाट उतरून इथवर साडेतीनशेहून अधिक किलोमीटर होतात. इतका वेळ मागे नुसत्या हातांवर तोल सांभाळून बसणाऱ्याला बॅकरेस्टची किंमत सांगावी लागत नाही.

पण घरची गाडी फक्त फिरायला नसते. सोमवारी तिच्यावर माशांची टोपली असते, मे महिन्यात आंब्याची पेटी आणि बाजाराच्या दिवशी आई. आई बसते एका बाजूला पाय सोडून. तिच्या पाठीला त्या उभ्या दांड्याचा आधार नाही, उलट खांद्याला टोचणी. म्हणून ‘निघती’ पाठ.

युक्ती साधी आहे. मडगार्डच्या दोन्ही बाजूंचे मूळ बोल्ट काढून त्या जागी जरा लांब बोल्ट घालायचे आणि त्यांवर खाच असलेल्या पोलादी गुंड्या बसवायच्या, एका बाजूला दोन. बॅकरेस्टच्या पट्टीची पुढची खाच पुढच्या गुंडीत सरकते, मागचा हूक मागच्या गुंडीवर बसतो आणि स्प्रिंगची खिटी ‘टक’ करून त्याला धरते. हार्ली-डेव्हिडसनच्या मोठ्या गाड्यांवर हीच रीत रूढ आहे. काढताना पाना लागत नाही.

बसवताना मात्र घाई चालत नाही. मेस्त्री एका वेळी एकच बोल्ट काढत होते, म्हणजे मडगार्ड जागचं हलत नाही. पोरगा पाना घेऊन पुढे सरसावला तेव्हा ते म्हणाले, “आधी सगळे हातान लाव. पाना मागसून.” चारही गुंड्या सैल ठेवून त्यांनी बॅकरेस्ट अडकवली, ती आपली जागा शोधेपर्यंत हलवली आणि मग बोल्ट आळीपाळीने आवळले. एक गुंडी केसभर तिरकी राहिली तरी एका बाजूची खिटी सहज पडते आणि दुसरी रुसते. इंडिकेटरची वायर कुठे चिमटत नाही ना, हेही त्यांनी बोट फिरवून पाहिलं.

हाताने धरायची मूळ कडी त्यांनी काढू दिली नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ मागच्या माणसासाठी हाताने धरायला कायमची कडी, पाय ठेवायची जागा आणि निम्म्या चाकावर आडोसा मागतो. बॅकरेस्ट मागत नाही. कडी काढून पाठ लावली, तर पाठ काढल्या दिवशी आईच्या हाताला काय उरणार?

मी कौतुकाने वही मिटणार, तोच मेस्त्रींनी कोपऱ्यातली दुसरी गाडी दाखवली. वर्षभरापूर्वी तिलाही अशीच पाठ बसवली होती. “काढूक येता म्हणान घेतल्यानी, पण काढल्यानी नाय कधी.” इथे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि उरलेले महिने खारा वारा. हूक जिथे गुंडीवर घासतो तिथलाच मुलामा आधी जातो आणि गंज तिथूनच शिरतो. वारंवार काढली तर मुलामा झिजतो; काढलीच नाही तर मीठ साचून खिटी जखडते. उपाय एवढाच : दर आठवड्याला काढा, पुसा, ग्रीस लावा, परत लावा. महाग स्टीलनेही ही शिस्त माफ होत नाही, फक्त मुदत वाढते.

त्या गाडीच्या डाव्या खिटीत केरोसीन सोडलं. चहा झाला. लाकडी ठोकळा ठेवून हातोडी मारली. उजवी सुटली, डावी ढिम्म. शेवटी पोरग्याने हॅकसॉचं पातं काढलं.

मालक आईला घेऊनच आला होता, कुडाळला जायचं म्हणून. तिने कापणं थोडा वेळ पाहिलं, पिशवी उचलली आणि एसटीच्या थांब्याकडे चालू लागली.