प्रोसेसर वेग का घेत नाही?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

२००७ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. मिरजेहून भाच्याचा फोन आला, "मामा, प्रोसेसरचा वेग वाढवला, तर आकडा उलट कमीच झालाय!"

भाचा लग्नांचे व्हिडिओ काढतो आणि घरच्याच संगणकावर त्यांची फिल्म तयार करतो. ऐन लग्नसराई, आणि एकेका फिल्मला संगणक पाच-पाच तास घरघरत बसायचा. म्हणून मित्राच्या सांगण्यावरून त्याने ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे कारखान्याने ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने प्रोसेसर पळवण्याचा उद्योग आरंभला होता. मी तेव्हा पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत असे. रविवारी सकाळची गाडी धरली आणि मिरजेला गेलो.

आता हा वेग ठरतो कसा, ते आधी पाहू. मदरबोर्डावर एक मूळ ठोका चालू असतो आणि प्रोसेसर त्याला ठरावीक आकड्याने गुणून आपला वेग ठरवतो. भाच्याकडे इंटेलचा कोअर टू ड्युओ ई-६३०० होता. मूळ ठोका २६६ मेगाहर्ट्झ, गुणक ७, म्हणजे वेग १.८६ गिगाहर्ट्झ. यातला गुणक कारखान्यातच कुलूपबंद केलेला. सातच्या वर जात नाही. तेव्हा वाढवायचा तो मूळ ठोकाच. भाच्याने तो २९० केला होता. सात गुणिले २९०, म्हणजे दोन गिगाहर्ट्झच्या थोडं वर. पडद्यावर मात्र १.७४ दिसत होतं.

याचं उत्तर सोपं निघालं. काम नसेल तेव्हा वीज वाचवण्यासाठी हा प्रोसेसर आपण होऊन गुणक सातचा सहा करतो. सहा गुणिले २९० म्हणजे १.७४. फिल्मचं काम सुरू करून पाहिलं, तर आकडा लगेच दोनच्या वर गेला. रिकाम्या बसलेल्या माणसाची नाडी मोजून तो किती पळतो, हे कसं कळणार?

खरं दुखणं पुढे होतं. ठोका ३०० केला, की संगणक सुरूच होत नसे, पडदा काळा. मग वायर काढायची, बोर्डावरची गोल बॅटरी थोडा वेळ बाहेर ठेवायची, म्हणजे बायोसमधले आकडे मूळपदावर येतात. भाच्याने हे बऱ्याचदा केलं होतं आणि दर वेळी प्रोसेसरचं व्होल्टेज थोडं थोडं चढवत नेलं होतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! कारण मूळ ठोका एकट्या प्रोसेसरचा नसतो. मेमरीही त्यालाच जुंपलेली असते. जोडीतल्या एका बैलाला आसूड ओढला, तरी जू दोघांच्या मानेवर असतं. भाच्याची मेमरी ३३३ मेगाहर्ट्झची होती आणि बायोसमध्ये ठोक्याशी तिचं प्रमाण चारास पाच असं होतं. ठोका २६६, तेव्हा मेमरी बरोबर ३३३. पण ठोका २९० झाला, की मेमरी ३६२ वर. आणि ३०० ला ३७५. प्रोसेसरला अजून घामही फुटला नव्हता, धाप लागली होती मेमरीला.

ठोका २९० वरच ठेवून मी मेमरी तपासणारा प्रोग्रॅम लावला. तो चालू असताना भाच्याने आदल्या रात्री तयार केलेली डीव्हीडी टीव्हीवर लावली. मंगलाष्टकं संपतात, अंतरपाट दूर होतो, आणि त्याच क्षणी नवरीच्या चेहऱ्यावर हिरवे चौकोन! इकडे संगणकाच्या पडद्यावर मेमरीच्या चुकांच्या लाल ओळी. मी विचारलं, "या लग्नाची कॅसेट कुठे आहे?" तो म्हणाला, "कॅमेऱ्यात. संध्याकाळच्या हळदीला तीच वापरणार होतो." तेव्हा कॅसेटी पुसून पुन्हा वापरण्याची पद्धत होती. मी आधी कॅमेऱ्यातून ती कॅसेट काढून घेतली. बंद पडणारा संगणक परवडला. चालता-चालता गुपचूप चुका करणारा अधिक घातक.

मग मेमरीचं प्रमाण एकास एक केलं आणि व्होल्टेज मूळ जागी आणलं. ठोका ३३३, मेमरीही ३३३, प्रोसेसर २.३३ गिगाहर्ट्झ. संगणक पहिल्याच फटक्यात सुरू झाला. पण प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारा प्राइम-९५ हा प्रोग्रॅम लावला, तर काही वेळाने त्याने गणितात चूक दाखवली. तापमान ८५ अंशांच्या पुढे. झाकण उघडून पंख्याला हात लावला, तर तो एका कोपऱ्यात डुगडुगत होता. या पंख्याला चार प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात, त्या बोर्डात टक्‌ आवाज होईपर्यंत दाबाव्या लागतात. चौथी बसलीच नव्हती. जुनी पेस्ट पुसून, नवी लावून खुंटी नीट बसवली. तापमान झटक्यात उतरलं. चढवलेल्या व्होल्टेजने तिथेही घात केलाच होता. व्होल्टेज दहा टक्के वाढवलं, की उष्णता सुमारे एकवीस टक्के वाढते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबाने चढते. प्राइम-९५ रात्रभर चालू ठेवला. सकाळपर्यंत एकही चूक नाही.

आजच्या संगणकांत हिशेब बराच बदलला आहे. इंटेलच्या २०११ नंतरच्या प्रोसेसरांत नावाच्या शेवटी 'के' हे अक्षर असेल, तरच सहसा गुणक मोकळा मिळतो, आणि मदरबोर्डही तशी मुभा देणारा लागतो. एएमडीचे २०१७ पासूनचे रायझन बहुतेक मोकळे आहेत, पण स्वस्तातल्या काही बोर्डांवर ती सोय नसते. तेव्हा वेग वाढत नसेल, तर बायोसमध्ये शिरण्याआधी खोक्यावरचं नाव वाचावं. शिवाय नवे प्रोसेसर भार आणि तापमान पाहून स्वतःच वेग चढवतात. आपल्यासाठी फारसं काही शिल्लक ठेवत नाहीत.

भाच्याला २.८ गिगाहर्ट्झ हवं होतं. त्यासाठी ठोका ४०० लागला असता आणि त्याला पेलणारी ४०० ची मेमरी. "लग्नसराई संपू दे, मग बघू," मी म्हटलं. सोमवारी सकाळी त्याने ती कॅसेट पुन्हा संगणकात उतरवून घेतली. पाच तासांचं काम चार तासांत झालं. संध्याकाळी फिल्म लावली, अंतरपाट दूर झाला, आणि पलीकडे नवरीचा चेहरा स्वच्छ दिसला.